ॲव्हरेज किती देते?

आज मी भांडायला बसलो आहे.

एरवी माझा स्वभाव भांडखोर नाही. 22 वर्षं बँकेच्या काऊंटरच्या आतल्या बाजूला बसलेल्या माणसाची भांडणाची हौस पहिल्या दोनच वर्षांत फिटते. उरलेली वीस वर्षं तो ‘पासबुकाचा प्रिंटर बंद आहे’ हे एकच वाक्य निरनिराळ्या सुरांत म्हणत राहतो. (आम्हाला क्लार्क म्हटलेलं हल्ली चालत नाही. ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ म्हणतात. नाव लांबलं, प्रिंटर बंदच आहे.) पण प्रत्येकाच्या नशिबी एखादा प्रश्न असा येतो, की तो कानावर पडताच कानशिलाची शीर उडायला लागते. लग्न न झालेल्याला ‘मग लाडू कधी?’ हा प्रश्न असतो. माझा प्रश्न तीन शब्दांचा आहे : ‘ॲव्हरेज किती देते?’

माझ्याकडे 1967 सालची स्टँडर्ड हेराल्ड आहे. दोन दारांची. रंग फिकट निळा, म्हणजे जिथं रंग आहे तिथं. 2014 साली ती मी 85 हजार रुपयांना घेतली. एवढ्याशा माहितीत भांडण होण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. तुमच्याकडे हेराल्ड नाही, म्हणून वाटतं.

हा प्रश्न मला सोसायटीच्या वॉचमननं विचारला आहे, हिच्या आत्यानं विचारला आहे. दाढ काढता काढता दातांच्या डॉक्टरांनी विचारला आहे, आणि तोंडात चिमटा असल्यामुळं मला उत्तर बोटांनी द्यावं लागलं आहे. एकदा तर एका सहकाऱ्याच्या वडिलांना पोहोचवायला वैकुंठात गेलो असताना गर्दीतून एक अनोळखी गृहस्थ हळूच माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. चेहरा गंभीर. मला वाटलं, गेलेल्यांचे कोणी जवळचे असावेत. मी हात जोडले. तेही हात जोडून दबक्या आवाजात म्हणाले, ‘बाहेर ती निळी हेराल्ड तुमचीच ना? किती देते हो?’

अकरा देते. कात्रजचा घाट उतरताना बारा देते. झालं समाधान?

नाही होत. कारण अकरा ऐकल्यावर समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर जी कणव उमटते, ती वैकुंठात आलेल्या माणसांच्याही चेहऱ्यावर नव्हती. माझं म्हणणं असं, की कुत्रा पाळणाऱ्याला कुणी विचारतं का, एका पोळीत किती भुंकतो? पेटी शिकणाऱ्याला विचारतं का, एका भात्यात किती सूर देते? गॅलरीत गुलाब लावणाऱ्या बाईंना ‘मग विकताना काय भाव येईल?’ असं विचारायची कुणाची छाती आहे? पण मोटार म्हटली की तुमच्या-माझ्यातला प्रत्येक मराठी माणूस एकदम लेखापाल होतो. मी खरोखरच लेखापाल आहे, बी. कॉम. आहे, ते करून मला पगार मिळतो. तुम्ही फुकट का करता?

यावर लोक दुसरा मुद्दा काढतात. ‘निदान चांगली स्पोर्ट्स कार तरी घ्यायची!’

आता ऐका. हीच स्पोर्ट्स कार आहे. हसू नका. परमिटांच्या राज्यात आपल्याकडे सामान्य माणसाला दिसणाऱ्या मोटारी मुख्यत्वे तीन. ॲम्बॅसेडर पुढाऱ्यांची, फियाट वकील-व्यापाऱ्यांची, आणि घरातल्या सगळ्यांनी नको म्हटलं तरी ज्याला घ्यायचीच असे, त्याची हेराल्ड. ही मुळात इंग्लंडची. कॉव्हेंट्रीच्या कारखान्यातून 1959 साली ट्रायम्फ हेराल्ड म्हणून बाहेर पडली. तिचा घाट तुरिनच्या जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन कलावंतानं बेतलेला. 1961 पासून ती मद्रासला स्टँडर्ड या नावानं होऊ लागली. आणि 1962 साली ट्रायम्फनं याच हेराल्डची चासी आखूड करून, त्याच मिकेलोत्तीकडून नवा घाट करून घेऊन जी उघडी, दोन आसनी गाडी काढली, ती स्पिटफायर. जगभरच्या बेताच्या पगाराच्या तरुणांनी जिच्यापायी कर्जं काढली, ती स्पिटफायर. म्हणजे माझी हेराल्ड ही तिची थोरली बहीण. धाकटी परदेशात केस मोकळे सोडून हिंडली, थोरली मद्रासला दिली, तिनं डोक्यावर पदर घेऊन संसार केला. तो पदरही नटबोल्टांनी बसवलेला आहे. हेराल्डचं छप्पर सोडवून बाजूला ठेवता येतं. मी ठेवलेलं नाही. पावसाळ्यात छप्पर असतानाही पाणी आत येतंच. मग ते काढून त्या पाण्याचे कष्ट कशाला वाचवा?

खरी स्पिटफायर इथं आणायची तर आयात करातच माझा प्रॉव्हिडंट फंड जाईल. स्वदेशी म्हणाल तर विसाव्या शतकाच्या अखेरीस गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनी गाडी झाली होती, रेनॉचं इंजिन आणि फायबरचं अंग असलेली. पण ती इतकी थोडी निघाली, की तिचा आरसा शोधण्यापेक्षा डिसेंबरात गोव्यात निवांत किनारा शोधणं सोपं. राहता राहिली हेराल्ड. इंजिन 948 सीसीचं. आजची कुठलीही हॅचबॅक तिला सहज मागं टाकते, रिक्षाही टाकते, परवा एका ऊस घेऊन चाललेल्या ट्रॅक्टरनं टाकलं. टाकू द्या. तुम्हाला नव्या गाडीत ताशी 140 ला जे वाटतं, ते मला हेराल्डमध्ये ताशी 50 ला वाटतं. बूड रस्त्यापासून वीतभर उंचीवर, पुढं लांबलचक नाक, स्टिअरिंग बोटभर फिरवलं की गाडी लगेच वळायला तयार. 25 फुटांच्या वर्तुळात ती पूर्ण फिरते, सदाशिव पेठेतल्या बोळात एका दमात. तोच वेग, तोच थरार, आणि दंडाची पावती नाही. याला काटकसर म्हणतात.

हे वेड लागलं वाईला. आमच्या आळीत एक डॉक्टर राहत. त्यांच्याकडे हेराल्ड होती. रविवारी सकाळी ते बनियनवर बाहेर येत, गाडीच्या दोन्ही कुशींच्या खिट्या काढत, आणि गाडीचं अख्खं तोंड उचलून पुढं उलथत. दिवे, मडगार्डं, जाळी, सगळं एकदम. बाकीच्या मोटारींचं बॉनेट पेटीच्या झाकणासारखं उघडतं, हेराल्ड मगरीसारखा आ वासते. आम्ही पोरं समोरच्या कट्ट्यावर बसून ते दृश्य पाहायचो. आत इंजिन एकटंच, उघडंवाघडं, चहूबाजूंनी हात घालता येईल असं. डॉक्टर चक्क पुढच्या टायरवर बसून काम करत. माझे वडील नगरपालिकेत कारकून होते. ते सायकल हातात धरून घटकाभर थांबत, बघत, आणि मग मला म्हणत, ‘चला. आपल्याला काय करायचंय?’

वडिलांकडे पुन्हा येतो. आधी शेजाऱ्यांकडे जाऊ.

आमच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी 2023 साली 14 लाखांची एसयूव्ही घेतली. पेढे दिले. पेढा देताना म्हणाले, ‘तुमच्यासारखं पैसे पाण्यात घालणं आपल्याला जमत नाही बुवा.’ पेढा घशात होता, त्यामुळं तेव्हा गप्प बसलो. रात्री मात्र कागद-पेन्सिल घेतली. 3 लाख रोख, 11 लाख कर्ज, दर 9 टक्के, मुदत 7 वर्षं. हप्ता बसतो 17 हजार 700 च्या घरात. 84 हप्त्यांत नुसतं व्याज होतं 3 लाख 86 हजारांच्या वर. शिवाय विम्याच्या कोष्टकाप्रमाणं गाडीला पाच वर्षं झाली की किंमत निम्मी. आणि माझी हेराल्ड? खरेदी 85 हजार. तेव्हापासूनची सगळी आजारपणं, रंग, टायर, गिअरबॉक्स, ब्रेक, विलायतेहून आलेली औषधं, मिळून 2 लाख 90 हजार. एकूण 3 लाख 75 हजार. म्हणजे माझी अख्खी मोटार, तिच्या सगळ्या दुखण्यांसकट, त्यांच्या व्याजात बसते आणि वर अकरा हजार उरतात! मुद्दलाला हातसुद्धा लागत नाही!

अर्धवार्षिक क्लोजिंगला पहिल्या झटक्यात बॅलन्स टॅली व्हावा, तसा आनंद मला झाला. मी तो कागद हिच्यापुढं नाचवला. ही भाजी निवडत होती. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘अहो, पण त्यांची गाडी स्वस्त पडली असती, तर तुमची चुकली असती का?’

22 वर्षांत एकाही ऑडिटरनं मला इतक्या थोडक्या शब्दांत पकडलेलं नाही.

तेव्हा वरचा परिच्छेद मी मागं घेतो. तो खोडला असता, पण बँकेत खोडाखोड चालत नाही. उलट नोंद करावी लागते. ती अशी : अकरा वर्षांत हेराल्ड 19 हजार किलोमीटर चालली. भागाकार केला तर पेट्रोल सोडून किलोमीटरला पावणेवीस रुपये पडले. रिक्षा परवडली असती. घरखर्चाच्या वहीत मी हे पैसे ‘किरकोळ’, ‘इतर’ आणि ‘पाहुणे’ या नावांखाली टाकत आलो. आमच्या भाषेत याला सस्पेन्स अकाउंट म्हणतात. हिला ते पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं, कारण आमच्याकडे तेवढे पाहुणे येत नाहीत.

तर हिशेबात मी हरलो आहे. आणि हरूनही भांडतो आहे, कारण माझं भांडण हिशेबात कोण जिंकलं याचं नाहीच. भांडण ‘गरज’ या शब्दाशी आहे. आपल्या मध्यमवर्गात हा शब्द देवघरात ठेवतात. गरज आहे का? मग घ्या, चौदा लाखांचं घ्या, सात वर्षं हप्ते भरा, रोज त्यातून एकट्यानं तीन किलोमीटरवरच्या ऑफिसला जा, कुणी ब्र काढणार नाही. गरज नाही? मग नऊशे रुपयांची बासरीसुद्धा लपवून आणावी लागते. बरं, गरज नसलेली वस्तू घेतलीच, तर तिनं काहीतरी ‘द्यायला’ हवं. ॲव्हरेज द्यायला हवं, भाडं द्यायला हवं, व्याज द्यायला हवं. म्हैस आणि मोटार यांच्याकडून आपली अपेक्षा एकच.

आता वडिलांचं.

हेराल्ड घेतली तेव्हा ते 74 वर्षांचे होते आणि पुण्याला आमच्याकडेच होते. पहिल्या दिवशी त्यांना शेजारी बसवून मी सिंहगड रस्त्यानं निघालो. पाच मिनिटं ते काही बोलले नाहीत. मग त्यांनीही विचारलं, ‘ॲव्हरेज किती देते रे?’ मी खवळलो. म्हटलं, ‘दादा, तुम्ही पण?’ ते गप्प झाले. खडकवासल्याच्या अलीकडं मी चहासाठी गाडी थांबवली, तेव्हा त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक वस्तू काढली. ती होती त्यांची ड्रायव्हिंग लायसन्स. 1983 साली काढलेली. साताऱ्याला एका मोटार स्कूलमध्ये ते गुपचूप शिकले होते, आईलाही ठाऊक नव्हतं. आणि तेव्हापासून, घरात सायकलीशिवाय चाक नसताना, मुदत संपली की ते रजा टाकून साताऱ्याला जात, फी भरत, नूतनीकरण करून आणत. निवृत्तीनंतरही. 31 वर्षं.

‘कशाला?’ मी विचारलं.

‘असू दे म्हटलं,’ ते म्हणाले. मग जरा थांबून, ‘चालवू का थोडी?’

पहिला गिअर कडकडला. या गाडीत पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, तिथं भलेभले कडकडतात. दोन किलोमीटर चालवली त्यांनी. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून, ताशी वीसच्या वर न जाता. मागं पंचवीस गाड्या हॉर्न मारताहेत, आणि ह्यांचं लक्ष नाही. उतरल्यावर म्हणाले, ‘वळायला छान आहे.’ ॲव्हरेजचा विषय पुन्हा त्यांनी काढला नाही. 2019 साली ते गेले. लायसन्स माझ्याकडे आहे. तिच्यावर खर्च झालेल्या फीचा ‘गरज’ या सदरात मेळ घालून दाखवा, मी हेराल्ड विकतो.

विरोधी पक्षाचे दोन मुद्दे मात्र मला मान्य आहेत, ते इथंच मान्य करून टाकतो. गाडी सुरक्षित नाही. एअरबॅग नाही, एबीएस नाही, चारी चाकांना ड्रम ब्रेक. मागची चाकं स्वतंत्रपणे झुलणाऱ्या ॲक्सलवर आहेत. जोरात वळताना घाबरून ब्रेक मारला तर ती पोटाखाली दुमडू बघतात. म्हणून एक्स्प्रेस वेवर मी जात नाही आणि पावसाळी रात्री पोराबाळांना घेऊन निघत नाही. दुसरं, धूर. आजच्या गाडीच्या मानानं ही कितीतरी जास्त घाण सोडते, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. वर्षाला सतराशे किलोमीटर चालवतो, इंजिन नीट लावून ठेवतो, पीयूसी काढतो. अशा गाड्या लाखांनी असत्या तर मीच मोर्चा काढला असता.

पण सरकारनं जे केलं आहे, ते मला मान्य नाही. 2021 च्या जुलैत केंद्र सरकारनं विंटेज मोटारींसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी यात बसते. नव्या नोंदणीला 20 हजार रुपये, ‘व्हीए’ अक्षरांची नंबरप्लेट, दहा वर्षांची मुदत. ऐकून मी हरखलो. मग बारीक अक्षरं वाचली. बँकेत असल्यामुळं ती वाईट सवय आहे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शनाला न्यावी, विंटेज रॅलीला न्यावी, तांत्रिक संशोधनासाठी न्यावी, दुरुस्तीला न्यावी आणि पेट्रोल भरायला न्यावी. म्हणजे पंपावर जायचं, पेट्रोल भरायचं, घरी यायचं, येताना ते जळलं म्हणून पुन्हा पंपावर जायचं. संसाराचं इतकं नेमकं वर्णन मी कुठल्याही राजपत्रात वाचलेलं नाही.

हे नको म्हणून साधी नोंदणी चालू ठेवली, तर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. 15 वर्षांवरच्या मोटारीला ते शुल्क 2022 च्या एप्रिलमध्ये 600 रुपयांवरून 5 हजारांवर गेलं, आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये 20 वर्षांवरच्या मोटारीला 10 हजार झालं. शिवाय उच्च सुरक्षा नंबरप्लेट. हेराल्ड चोरणाऱ्या चोराला ती चालू करायला पंचवीस मिनिटं लागतील, तेवढ्यात मी चहा घेऊन खाली येईन. याहून उच्च सुरक्षा ती कोणती? आणि पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल. उसापासून झालेल्या वस्तूबद्दल महाराष्ट्रात राहून वाकडं बोलू नये, हे मला कळतं. पण साठीला टेकलेल्या गाडीचं जुनं रबर ते सोसत नाही. नळ्या फुगतात, चिरतात, पंपाचा पडदा जातो. हिच्या सगळ्या नळ्या मी दोनदा बदलल्या. (‘पाहुणे’, मार्च 2025.)

सरकारला निदान गाडी मोडीत काढायची आहे. त्यांच्याहून वाईट ते, ज्यांना ती जपायची आहे. हल्ली अशी मंडळी भेटतात. स्वच्छ शर्ट, थंड डोळे. गाडीभोवती दोन चकरा मारून म्हणतात, ‘फुल रिस्टोअर करा. आठ लाख घाला, बारा येतील. पण चालवू नका हं, किंमत जाते.’ हे गृहस्थ ॲव्हरेज विचारत नाहीत म्हणून मला सुरुवातीला आपले वाटले. नंतर लक्षात आलं, की हे त्याच प्रश्नाचे थोरले बंधू. यांच्या लेखी ती मोटारच नाही, चार चाकांची मुदत ठेव आहे. यांच्याच कृपेनं ज्या गाड्या शाळामास्तरांच्या आवाक्यात होत्या, त्या झाकणाखाली गेल्या आणि त्यांचे दर बिल्डरांच्या आवाक्यात गेले. मुदत ठेवी मी दिवसभर बघतो. त्यातली एकही आजवर मला वळताना छान वाटलेली नाही.

आता ‘तो’ सोमवार सांगतो, म्हणजे माझ्यावर पक्षपाताचा आरोप नको. 2022 चा जून, सकाळचे नऊ दहा. सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडताना मी स्टिअरिंग पूर्ण वळवलं, आणि खाडकन् आवाज होऊन गाडीनं गुडघा टेकला. पुढचं डावं चाक आडवं. गाडी बरोबर फाटकाच्या मधोमध. मागं ऑफिसला निघालेल्या सात गाड्या, सगळ्या हप्त्यावरच्या, सगळ्या उत्तम ॲव्हरेज देणाऱ्या, आणि एकही हलू शकत नाही. तेवढ्या दहा मिनिटांत पुण्यातली मराठी भाषा किती समृद्ध आहे याचा मला प्रत्यय आला.

मग कोणीतरी जॅक आणला. कोणीतरी गणपतीच्या मांडवाची फळी आणली. एसयूव्हीवाले शेजारी, इस्त्रीच्या शर्टात, बंपरला खांदा लावून उभे राहिले. आठशे किलोंची गाडी अकरा माणसांनी ‘मोरया’ म्हणत इंचाइंचानं कडेला घेतली. ज्यांची आडनावं मला आठ वर्षांत कळली नव्हती, ती त्या दिवशी कळली. हात पुसता पुसता शेजारी म्हणाले, ‘वजनाला हलकी आहे हो!’ मी कृतज्ञतेनं मान हलवली. ते पुढं म्हणाले, ‘मग तरी अकराच का देते?’

नाना पेठेतले आमचे मिस्त्री स्कूटरवरून आले. वय सत्तरीच्या पुढं. उकिडवे बसून त्यांनी तुटलेल्या जागी बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि विचारलं, ‘साहेब, इथं ग्रीस कुणी मारलं?’

मीच मारून घेतलं होतं. ते गावाला गेले होते म्हणून दुसऱ्या एका गॅरेजात, तेही ‘चांगलं भरपूर मारा’ असं बजावून. हेराल्डच्या पुढच्या चाकाला खालून धरणारा एक आट्यांचा पितळी तुकडा असतो, त्याला ट्रनियन म्हणतात. स्टिअरिंग फिरलं, की चाकाची उभी दांडी त्याच्या आट्यांवर फिरते. याला ग्रीस चालत नाही. गिअरचं तेलच लागतं, दर पाच-सहा महिन्यांनी. ग्रीस घट्ट होऊन बसतं, आटे कोरडे पडतात, आत पाणी शिरतं, दांडी गंजते आणि एके दिवशी फाटकात तुटते. मिस्त्रींनी हे 1972 साली त्यांच्या उस्तादाकडून मार खाऊन शिकलेलं. धाकटी बहीण स्पिटफायर 1980 पर्यंत निघत होती, म्हणून तिचे सुटे भाग इंग्लंडात अजून होतात आणि थोरलीला लागतात. दोन्ही बाजूंचं सामान मागवलं. कुरिअर आणि सीमाशुल्क धरून 31 हजार. एवढीशी पेटी आली. ही म्हणाली, ‘सोन्याचं असतं तर निदान घालता तरी आलं असतं.’

चाक बसवताना मिस्त्री सांगत होते, मुलगा आता शोरूमला आहे, लॅपटॉप लावतो, लॅपटॉप सांगेल तो भाग बदलतो. चांगलं काम आहे, पगार वेळेवर आहे. ‘पण त्याला आवाज येत नाही, साहेब.’ मिस्त्री इंजिनाच्या झाकणावर लांब स्क्रू ड्रायव्हर टेकवून दांडा कानाला लावतात आणि कुठल्या व्हॉल्व्हचा टॅपेट सैल आहे ते सांगतात. आता त्यांचा हात थरथरतो, स्क्रू ड्रायव्हर मी धरतो. चार सिलिंडरांतला तिसरा मला आता ओळखू येतो. बाकीचे तीन राहिलेत, आणि मिस्त्री जिना चढताना दोनदा थांबतात. याचं ॲव्हरेज मी काढलेलं नाही.

रविवारी मी तोंड उघडून तेल घालायला बसलो, की शेजाऱ्यांचा नऊ वर्षांचा मुलगा खाली येतो. बॅटरी धरायचं काम त्याच्याकडे आहे. तो पुढच्या टायरवर बसतो. त्यानं आजवर विचारलेले प्रश्न : हिला डोळे का आहेत, हिचा हॉर्न असा म्हाताऱ्यासारखा का खोकतो, आणि हे काढलं तर काय होईल. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यानं स्वतःच शोधलं, त्यात माझा एक स्प्रिंग गेला. वरून त्याचे वडील हाक मारतात, ‘अरे, क्लासला उशीर होतोय!’ हल्ली पुष्कळदा हाक मारायला ते स्वतःच खाली येतात, आणि मग उशीर दोघांनाही होतो.

जाता जाता एक. वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर, वाड्याच्या परसात, काकांच्या बंद गॅरेजात दोन दारांच्या हेराल्डची उजव्या दाराची काच वर-खाली करायची हँडल पडून असेल, तर कृपया कळवावं. चालू स्थितीतली असावी, गंजलेली चालेल. पैसे रोख देईन. फोन ऑफिसच्या वेळात करावा, आणि घरी लागलाच तर ‘पाहुणे बोलतोय’ एवढंच सांगावं.